कोटाऐवजी टायर

मी एक टायर बोलतोय. सायकलचा, पुढच्या चाकाचा. तुम्ही मला पाहिलं असेल असं वाटत नाही, कारण माझ्यासारखा टायर शिरूर तालुक्यात दुसरा नाही आणि दौंड तालुक्यातही नाही. माझ्या अंगावर खिळे आहेत. वाटेत कुठे घुसलेले नव्हेत. जन्मतःच आहेत, टोकं बाहेर काढून. हे लोकांना समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि त्या भानगडीत निम्मे खिळेही गेले.

माझा जन्म फिनलंडचा. तिकडे हिवाळ्यात रस्त्याची काच होते. आधी बर्फ पडतो, मग तो दाबला जाऊन गुळगुळीत होतो, आणि मग माणसं आमच्यासारखे टायर घालून त्याच्यावर सायकली हाकतात. कामाला जातात, बाजाराला जातात, मागे पोर बसवून शाळेला जातात. बाहेर उणे पंधरा असतं. पण कुणी कुणाला 'आज थंडी लई हाय' असं म्हणत नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दुसऱ्याला भेटल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं असतं, हे मला न्हावऱ्यात, म्हणजे माझ्या आताच्या गावात, आल्यावर कळलं.

मी ज्या सायकलीला होतो ती एका आजींच्या नातवाची. त्यांचं नाव हेल्मी. नातू शहरात शिकायला गेला आणि सायकल आजींकडे राहिली. पुढच्या चाकात मी, मागच्या चाकात माझा जुळा भाऊ. आजी सत्तरीच्या पुढच्या. दुकान जेमतेम हाकेच्या अंतरावर, पण त्या आधी एकावर एक कपडे चढवत बसायच्या आणि मग सायकलवर टांग टाकायच्या. कपडे घालायला लागायचा त्याच्या निम्माही वेळ प्रवासाला लागत नसे.

त्या आजींच्या माडीवर एका हिवाळ्यात मच्छिंद्र राहायला आला. हा न्हावऱ्याचा. सणसवाडीच्या एका कारखान्यात फिटर. कारखान्यानं नवीन मशीन घेतलं होतं, ते शिकायला त्याला तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. साल दोन हजार एक सरत आलं होतं. तो आला तेव्हा डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, त्यावर कंपनीचा कोट आणि त्यावर आईनं, म्हणजे ताईबाईनं, दिलेली घोंगडी. दारात उभा राहिला तेव्हा आजींना वाटलं, कुणीतरी सामानाचं गाठोडं ठेवून गेलंय. मग गाठोडं बोललं, "आजी, जय भीम."

आजींना वाटलं, ह्यांच्याकडे 'नमस्कार'ला 'आजी' म्हणत असावेत. त्याही हसून "आजी" म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी तो म्हणायचा 'आजी' आणि त्याही म्हणायच्या 'आजी'. तीन महिन्यांत त्यांचं याहून जास्त बोलणं झालं नाही, आणि दोघांचंही काही अडलं नाही.

मच्छिंद्र पहिल्या दिवशी पायी निघाला आणि फाटकापाशीच पडला. उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो उठलाच नाही, तसाच बसून आजींकडे बघत राहिला. आजी आत गेल्या आणि मला, म्हणजे सगळी सायकलच, त्याच्यापुढे आणून उभी केली. पायी चालता येत नाही त्या जागी ही बाई सायकल देतेय, हे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायला त्याच्याकडे शब्द नव्हता. 'आजी' एवढाच होता.

तो बसला. मी खिळे रोवले. भावानं मागून रोवले. आम्ही चाललो आणि मच्छिंद्र पडला नाही. कोपऱ्यावर वळलो, तरी पडला नाही. तेव्हा त्यानं हँडलवरची पकड सैल केली आणि इतक्या मोठ्यानं हसला, की रस्त्यावरचे फिनलंडवाले थांबून बघायला लागले. तिकडे रस्त्यात हसायची पद्धत नाही.

त्याच संध्याकाळी तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझे खिळे बोटानं चाचपत बराच वेळ काहीतरी पुटपुटला. त्यातला एकच शब्द मला कळला, 'फरशी'. मला वाटलं, मराठीत बर्फाला फरशी म्हणत असतील.

घरी त्याचा फोन रविवारी व्हायचा. न्हावऱ्यात फोन होता हौसरावआप्पांच्या वाड्यावर. आप्पा उसाचे बागायतदार, शिवाय दूध डेअरीचे चेअरमन. मच्छिंद्रची बायको करुणा तिथं येऊन बसायची. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर अंगणवाडी चालवायची. एका रविवारी ती म्हणाली, "माझ्यासाठी तिकडचा जाड कोट आणा. सकाळी सायकलीवर लई वारं लागतं." मच्छिंद्र म्हणाला, "आणतो." फोन जुना होता, दोन्हीकडून ओरडून बोलावं लागायचं. त्यामुळे करुणाला परदेशातून कोट येणार ही बातमी सोमवारपर्यंत अख्ख्या न्हावऱ्यात झाली, आणि बुधवारपर्यंत दौंडला तिच्या माहेरी.

मच्छिंद्रनं कोट घेतला, हे मी सांगायलाच पाहिजे. चांगला डाळिंबी रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा. पण जायच्या आदल्या दिवशी आजींनी मला चाकातून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तो मला रोज पुसायचा, ते त्यांनी बघितलं होतं. आता फुकट कसं घ्यायचं? रिकाम्या हातानं माणसाला परत पाठवू नये, हे त्याच्या रक्तातच होतं. त्यानं बॅग उघडली. बॅगेत एक तर मी मावत होतो, नाही तर कोट. हातात धरून न्यावं म्हटलं तर हातात आईची घोंगडी. तो बॅगेवर बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी त्यानं कोट उचलला आणि आजींना दिला. आजींनी तो लगेच अंगावर चढवला आणि आरशात बघून म्हणाल्या, "आजी." माझा भाऊ तिकडेच राहिला. बर्फात नुसत्या मागच्या चाकानं कसं धरायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

करुणा तेव्हा माहेरी होती, म्हणून मच्छिंद्र मुंबईहून रेल्वेनं सरळ दौंडला उतरला. सासरे नवनाथराव रेल्वेतून रिटायर झालेले. क्वार्टर सोडून त्यांनी गावात घर बांधलं होतं. घरात धाकटी मेहुणी रश्मी होती, शेजारच्या बायका होत्या आणि कोट बघायला आलेली पोरंटोरं होती.

"जय भीम, पाव्हणं. लई वाळला," नवनाथराव म्हणाले.

बॅग उघडली. सगळे वाकले. मच्छिंद्रनं दोन्ही हातांनी मला बाहेर काढलं आणि करुणापुढे धरलं.

सगळे वाकलेलेच राहिले. बाहेरून मालगाडी गेली, तीही संपली. मग रश्मीनं विचारलं, "दाजी, कोट ह्याच्या आत हाय का?"

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "ह्योच."

करुणानं मला हातात घेतलं. एक खिळा तिच्या बोटाला लागला. ती म्हणाली, "बरं हाय," मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली. 'बरं हाय' ह्या दोन शब्दांतली थंडी मी उणे पंधरातही अनुभवली नव्हती.

एकट्या नवनाथरावांनी मला मांडीवर घेऊन नीट तपासलं. "माल एक नंबर हाय," ते म्हणाले. आणि मग रेल्वेच्या चाकांविषयी इतका वेळ बोलत राहिले, की मच्छिंद्रला पुढे काही बोलायला फटच मिळाली नाही.

न्हावऱ्यात आल्यावर करुणा नवऱ्याशी सासूमार्फत बोलायला लागली. दोघं एकाच खोलीत, तरी ती म्हणायची, "आत्याबाई, ह्यांना म्हणावं भाकरी वाढलीय." ताईबाई म्हणायच्या, "मच्छिंद्रा, भाकरी वाढलीय." मच्छिंद्र म्हणायचा, "बघतोय मी." माझ्याविषयी तिचा निरोप एकच होता, "माझ्या सायकलीला खिळं नकोत." आणि मच्छिंद्रच्या काळ्या सायकलीला मी बसत नव्हतो, तिची चाकं मोठी. करुणाची जाड टायरची होती, तिला अगदी बेतानं बसलो असतो. पण बेत नव्हता.

मग मार्च आला. मी कधी मार्च बघितला नव्हता. एप्रिल तर कुणी सांगूनही खरा वाटला नसता. भिंतीला टांगल्या जागी मी मऊ पडायला लागलो. ताईबाईंना दया आली म्हणून त्यांनी मला खाली घेतलं आणि माझ्यात पाण्याचा माठ बसवला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. पावसाळ्यात एक कोंबडी माझ्यात अंडी घालून बसली. पाऊस संपला आणि हवा कोरडी व्हायला लागली, तेव्हा ताईबाईंना माझा खरा उपयोग सापडला. त्यांच्या टाचा भेगाळल्या होत्या. त्यांनी एकदा टाच माझ्या खिळ्यांवर घासली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता गं बया." दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बाया टाचा घेऊन यायला लागल्या. बर्फ कापायला जन्मलेला मी बायकांच्या टाचा घाशीत होतो. पण खोटं कशाला बोलू, काम सारखंच होतं.

करुणाचा रुसवा तोवर बराच निवळला होता. पण डिसेंबरची थंडी पडली आणि सकाळी सायकलीवर वारं लागायला लागलं, तसा कोट पुन्हा आठवला आणि निरोप पुन्हा ताईबाईंमार्फत यायला लागले.

मच्छिंद्रनं ह्यात स्वतःच तेल ओतलं. न्हावऱ्यात सकाळी शेकोटीभोवती माणसं कानाला मफलर गुंडाळून बसायची आणि हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात यायचा. "ही काय थंडी हाय व्हय? तिकडं मिशीला बर्फ लागायचा," असं म्हणायचा. त्याला मिशी नव्हती. चार दिवस हे ऐकल्यावर हौसरावआप्पा शांतपणे म्हणाले, "मच्छिंद्रा, तू तिकडं काचंवर सायकल हाकायचा म्हणं. मग आमच्या ओढ्याच्या फरशीवर हाकून दाव की."

तेव्हा मला कळलं, फरशी म्हणजे काय. करुणाच्या अंगणवाडीच्या वाटेवर ओढा आहे. त्याच्यावरून जायला सिमेंटची बुटकी फरशी टाकलेली. कॅनॉलला पाणी सुटलं की ओढ्याचं पाणी तिच्यावरून वाहतं आणि तिच्यावर हिरवंगार शेवाळ धरतं. सगळं गाव तिथं चपला हातात घेतं आणि अंगठे रोवत, देवाचं नाव घेत पलीकडे जातं.

मच्छिंद्र म्हणाला, "दावतो. उद्या सकाळी."

करुणाचा निरोप आला, "ह्यांना म्हणावं, सायकल न्या. पण मला अंगणवाडीला टायमात जायचंय."

संध्याकाळी मच्छिंद्रनं सायकल आणि मला फाट्यावरच्या म्हस्कूच्या पंक्चरच्या दुकानात ठेवलं. "एवढा पुढं बसवून ठिव, मी आलोच," असं म्हणून तो चहाला गेला. तिथं त्याला कुणीतरी फिनलंडविषयी विचारलं, आणि तो बसला.

म्हस्कूनं मला उजेडात धरलं आणि त्याचे डोळे पाणावले. उभ्या हयातीत इतके खिळे त्यानं एका टायरमध्ये पाहिले नव्हते. त्यानं पक्कड घेतली. मी काय करणार, टायरला ओरडता येत नाही. तो एकेक खिळा उपटून डब्यात टाकत होता आणि प्रत्येकाला हळहळत होता. मच्छिंद्र परत आला तेव्हा माझं निम्मं अंग तुळतुळीत झालं होतं.

"भाऊ, तुमचं नशीब थोर," म्हस्कू म्हणाला. "एवढं खिळं घुसल्यात, पण आरपार एकबी न्हाई. निम्मं काढल्यात, निम्मं राती काढतो."

मच्छिंद्र डोक्याला हात लावून खाली बसला. म्हस्कूला वाटलं, आनंदानं बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर धुकं होतं. हौसरावआप्पा आले होते, डेअरीला निघालेल्या त्यांच्या पत्नी सरूबाई दुधाची किटली घेऊन थांबल्या होत्या. म्हस्कू होता, ताईबाई होत्या. करुणा सुकडीचा डबा घेऊन बाजूला उभी होती, नजर दुसरीकडे. मच्छिंद्र परत फिरू शकला असता. पण करुणा तिथं उभी होती. त्यानं हाफ शर्टाची बटणं लावली आणि टांग टाकली.

आता हे नीट समजून घ्या. माझ्या निम्म्या अंगाला खिळे आहेत आणि निम्म्याला नाहीत. चाक फिरतं तेव्हा आधी खिळ्यांचं अंग खाली येतं, ते शेवाळ घट्ट धरतं. मग तुळतुळीत अंग येतं, ते सोडतं. त्यामुळे मच्छिंद्र हातभर ताठ जायचा आणि हातभर घसरायचा. पुन्हा ताठ, पुन्हा घसरला. मागचं साधं चाक तर आपल्या मर्जीनं डावीउजवीकडे फिरत होतं. लग्नाच्या वरातीत घोडा नाचवतात, तसं आमचं चाललं होतं.

"जमतंय की," म्हस्कू म्हणाला. "राहिलेलं खिळं काढलं असतं तर आणखी जमलं असतं."

फरशीच्या मध्यावर मच्छिंद्रनं करुणा बघतेय का ते बघायला मान वळवली. नेमकं तेव्हा माझं तुळतुळीत अंग खाली होतं.

फरशीखाली ओढ्यात पाणी कमरेएवढंच होतं, पण तो त्यात पुरा बसला. उठला तेव्हा त्याच्या डोक्यावर पाणवेल होती. दातावर दात इतके वाजत होते, की काठावर ऐकू येत होते.

आप्पांनी विचारलं, "मच्छिंद्रा, पाणी कसं काय हाय? गार हाय का कोमट?"

"ग-गार हाय, आप्पा."

"तिकडल्यापरीस?"

मच्छिंद्रनं थोडा विचार केला. थरथरत का होईना, पण खरं सांगितलं. "आप्पा, तिकडं थंडी दाराभायेर असती. घरात शिरलं की ऊब, नळाला गरम पाणी. हितं ती आपल्या घरात असती. अंथरुणात असती. तिकडं नुस्ता कोट काढून ठिवायचा, की संपली. हितं काढायची कुठं?"

तेवढ्यात कुणीतरी हसलं. आधी बारीक, मग मोठ्यानं. करुणा होती. ती दगडावर बसली, डबा मांडीवर घेतला आणि हसतच राहिली. ताईबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग करुणानं डोळे पुसले आणि सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाली, "वर या आधी. का तिथंच ऱ्हायचंय?"

आप्पांनी पाचट पेटवलं. करुणानं स्वतःची शाल मच्छिंद्रच्या अंगावर टाकली. तो जरा माणसात आल्यावर तिनं विचारलं, "आता खरं सांगा. कोट सोडून ह्यो टायर का आणला?"

मच्छिंद्रनं हात जाळावर धरले. मग म्हणाला, "तुझा हात न्हवता का मोडला हितं? मी जायच्या आदल्या साली. असाच डबा घिऊन पडलीस. तिकडं मी बर्फावर सायकल घातली आन् पडलो न्हाई, तवा पयली हीच फरशी डोळ्यापुढं आली. म्हटलं, उतरायचीच गरज न्हाई तुला."

करुणानं जाळात पाचटाची आणखी एक मूठ टाकली.

"मग दौंडला का बोलला न्हाईत?"

"तू चहा टाकाय गेलीस. मग तुझं वडील बोलाय लागलं."

सरूबाई किटली उचलत म्हणाल्या, "मेल्या, टायर हातात धरायचा आन् कोट बॅगंत घालायचा."

"आन् माझी घोंगडी?" ताईबाई म्हणाल्या. "ती कुणी आणायची?"

त्याच रविवारी दोघं दौंडला गेले आणि करुणाला बाजारातून कोट घेतला. जाड, निळा. तो तिला सकाळी नऊपर्यंत लागायचा. नऊनंतर आपल्याकडचं ऊन असं लागतं, की कोट कॅरिअरला बांधावा लागायचा. तिकडचा हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकतो. इकडचा रोज सकाळी येतो, चहा पितो आणि जातो.

माझ्या तुळतुळीत अंगाला करुणानं सुंभ गुंडाळला. कुणाला न विचारता, स्वतःच्या डोक्यानं. खिळे आणि सुंभ मिळून मी पुढचे किती तरी हिवाळे तिला त्या फरशीवरून नेलं, सायकलीवरून न उतरता, डबा मागे बांधून. डांबरी रस्त्यावर मी फार आवाज करायचो, कुत्री मागे लागायची. तिनं कुत्र्यांची सवय करून घेतली.

मग ओढ्यावर उंच पूल झाला. फरशी खाली तशीच पडून राहिली आणि माझं काम संपलं. आता दोन हजार नऊ चालू आहे. मी घराच्या पत्र्यावर असतो, वारा आला तर पत्रा दाबून धरायला. इथून अर्धं न्हावरं दिसतं. पहाटे अंगावर दव पडतं तेव्हा क्षणभर जन्मगावी असल्यासारखं वाटतं. मग सूर्य येतो आणि गैरसमज दूर करतो.

परवा आळीत एक भंगारवाला आला, परप्रांतातला. त्यानं वर बघितलं. "भाभी, वो टायर देना है क्या? उसमें तो कीलें हैं. इतनी कीलें कैसे घुसीं?"

करुणा दारात तांदूळ निवडत होती. वारा पडलेला होता, लिंबाचं पान हलत नव्हतं. पत्र्यावर माझ्याशिवाय मोठमोठे दगड आहेत, आणि पत्र्याला चारी बाजूंनी नटबोल्ट आहेत, फिटरचं घर आहे ते. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"ते न्हाई द्यायचं," ती मान वर न करता म्हणाली. "पत्रा उडंल."

भंगारवाल्यानं दगड बघितले. नटबोल्ट बघितले. मच्छिंद्र तोंडात ब्रश घेऊन मोरीपाशी उभा होता. त्यानं ब्रश काढला आणि म्हणाला, "व्हय. लई उडतो."

भंगारवाला पुढच्या घराला गेला.

चला, ऊन वर यायला लागलं. एवढं बोलायला मिळालं, बरं वाटलं. कधी न्हावऱ्याला आलात आणि पत्र्यावर चढायचा योग आला, तर एकच करा. मला एकदा पालथा घाला. एकाच अंगानं फार भाजतं.